अमेरिकेतल्या गव्हर्नरचा चीफ ऑफ स्टाफ: काम काय, चुकतं कुठे आणि तिथवर पोचायचं कसं

प्रश्न असा आहे: "मी अमेरिकेत सार्वजनिक प्रशासनात पदव्युत्तर शिक्षण घेतो आहे. राज्याच्या गव्हर्नरकडे चीफ ऑफ स्टाफ असतो तो म्हणजे आपल्याकडच्या राज्यपालांचा सचिव का? तो दिवसभर नेमकं काय करतो? आणि या वाटेला जायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?"

आधी तुलना दुरुस्त करू, कारण ती चुकली की पुढचं सगळंच चुकतं. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात (घटनेचं कलम १५५) आणि ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. अमेरिकेतला गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेला असतो आणि राज्याचा कारभार खरोखर तोच चालवतो. म्हणून त्याची तुलना मलबार हिलशी करू नका, मंत्रालयाच्या सहाव्या मजल्याशी करा. मुख्यमंत्र्यांचा प्रधान सचिव हे त्यातल्या त्यात जवळचं पद. तरी मोठा फरक उरतोच. प्रधान सचिव सनदी अधिकारी असतो, सरकार बदललं की दुसऱ्या खात्यात जातो. चीफ ऑफ स्टाफला असं परतायला घर नसतं. त्याला गव्हर्नर नेमतो, त्याच्या मर्जीवर तो राहतो आणि त्याच्याबरोबर जातो. शिवाय आपल्या मुख्य सचिवासारखा सगळ्या खात्यांवरचा एक कायमस्वरूपी अधिकारी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत नाही, त्यामुळे खात्यांमधला समन्वयही याच माणसाच्या गळ्यात पडतो.

पदाचं नावही सगळीकडे एक नाही. न्यू यॉर्कमध्ये हे काम करणारी व्यक्ती 'सेक्रेटरी टू द गव्हर्नर' म्हणवते. कॅलिफोर्नियात 'एक्झिक्युटिव्ह सेक्रेटरी' हे नाव बरीच वर्षं चाललं. पदाला स्वतःचा असा कायदेशीर अधिकार जवळजवळ नसतो. विधेयकावर सही गव्हर्नरची, आदेशावर सही गव्हर्नरची, खात्याचा प्रमुख गव्हर्नरने नेमलेला. चीफकडे असतो तो फक्त उसना अधिकार: "हा बोलतो ते गव्हर्नरचं बोलणं" असा समोरच्याचा विश्वास. तो विश्वास एकदा जरी खोटा ठरला, म्हणजे चीफने दिलेला शब्द गव्हर्नरने फिरवला किंवा गव्हर्नरला न विचारता त्याच्या नावावर काही खपवलं गेलं, तर विधिमंडळातली माणसं चीफला वगळून थेट गव्हर्नरकडे जायला लागतात. त्या दिवसापासून चीफची खुर्ची नुसतं लाकूड उरते.

त्यात अर्धी माणसं त्याच्या हुकमाखाली नसतातच. ४३ राज्यांत ॲटर्नी जनरल (राज्याचा सर्वोच्च कायदा अधिकारी) स्वतंत्रपणे निवडून येतो, पुष्कळदा विरोधी पक्षाचा असतो आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाच पुढे गव्हर्नर व्हायचं असतं. टेक्सासात लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालचा पदाधिकारी, वेगळा निवडून येतो आणि सिनेटचं, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचं, अध्यक्षपद त्याच्याकडे असतं. तिथला चीफ त्याला आदेश देऊ शकत नाही, फक्त फोन करू शकतो. म्हणून या कामाचा मोठा भाग म्हणजे ज्यांना आपण काहीही सांगू शकत नाही, त्यांच्याशी रोज बोलणं.

कार्यालयाचा आकार राज्यागणिक बदलतो. लहान राज्यात वीस-पंचवीस माणसं असतात, मोठ्या राज्यात शंभराच्या बरीच वर. पण कप्पे तेच: कायदा सल्लागार, विधिमंडळ संपर्क, धोरण, प्रसिद्धी, नेमणुका, वेळापत्रक, नागरिकांच्या तक्रारी, केंद्राशी संपर्क. अर्थसंकल्पाचा संचालक बहुधा वेगळ्या खात्यात असतो, पण सकाळच्या बैठकीत त्याची खुर्ची हवीच. ही बैठक अर्ध्या तासाच्या वर जाऊ देऊ नये आणि आठ-दहा माणसांपलीकडे वाढू देऊ नये. तिथे चर्चा करायची नसते. आज काय फुटणार आहे, आज कशाची मुदत संपते आणि आज गव्हर्नर कुठे आहे, एवढंच बोलायचं.

आता वेळापत्रक. बाहेरच्याला ते कारकुनी काम वाटतं, पण धोरण तिथेच ठरतं. गव्हर्नर शिक्षणाबद्दल कितीही भाषणं करो, महिन्याच्या शेवटी त्याच्या दैनंदिनीत शिक्षणाला तीन तास आणि फीत कापण्याला तीस तास गेले असतील, तर त्याचं धोरण फीत कापणं हेच आहे. म्हणून दर महिन्याला मागच्या चार आठवड्यांचे तास विषयवार मोजून गव्हर्नरसमोर ठेवावेत. पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक पक्कं असावं, पुढच्या चार आठवड्यांचं ढोबळ आणि तीन महिन्यांचा नुसता सांगाडा. रोज किमान एक तास रिकामा, कागद वाचण्यासाठी राखलेला. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी चीफची स्वतःची पंधरा-पंधरा मिनिटं. आलेल्या निमंत्रणाला दहा दिवसांच्या आत हो किंवा नाही. 'बघू' म्हणून ठेवलेलं निमंत्रण नकारापेक्षा जास्त माणसं दुखावतं.

मागच्या दाराचा प्रश्न प्रत्येक कार्यालयात असतो. जुना मित्र, देणगीदार, जोडीदार, कॉलेजातला सोबती, कुणीतरी चीफला टाळून गव्हर्नरशी बोलतंच. नवे चीफ हे दार बंद करायला जातात आणि स्वतःच बाहेर पडतात. दार बंद होत नाही. नियम एवढाच करून घ्यायचा की तोंडी होकार हा होकार नाही. मित्राने मागितलेलं काहीही असो, त्याचं टिपण होईल, संबंधित खातं आणि कायदा सल्लागार ते बघतील, मगच ते झालं असं धरायचं. गव्हर्नरने हे स्वतःच्या तोंडाने, पहिल्याच आठवड्यात, सगळ्यांसमोर सांगितलं पाहिजे. चीफने सांगून उपयोग होत नाही.

या कामाचा गाभा माझ्या मते निर्णयाचं टिपण आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. टिपण दोन पानांचं. पहिल्या ओळीत कोणता निर्णय हवा आणि कोणत्या तारखेपर्यंत. मग आजच का. मग दोन किंवा तीन पर्याय, आणि तेही खरे. दोन हास्यास्पद आणि मधला एक आपल्या सोयीचा, असा डाव अनुभवी गव्हर्नर दुसऱ्या वेळी ओळखतो. प्रत्येक पर्यायाचा खर्च यंदा किती आणि पुढच्या वर्षी किती, कारण विधिमंडळ पुढच्या वर्षाचाच प्रश्न विचारतं. कोणाचं नुकसान होईल आणि कोण ओरडेल. ही माणसं नेहमी एकच नसतात. कायदा सल्लागाराचं मत. काहीच केलं नाही तर काय होईल. आणि शेवटी विरोधी मत. ते ज्याचं आहे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं, चीफने त्याचा सारांश करायचा नाही. सारांश करताना प्रामाणिक माणूसही नकळत धार बोथट करतो. टिपण बैठकीच्या ४८ तास आधी गव्हर्नरच्या हातात पडलं पाहिजे. बैठकीत पहिल्यांदा वाचलेल्या कागदावर झालेला निर्णय पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडावा लागतो.

पण टिपण कितीही नेटकं असलं तरी खालून आलेली माहितीच खोटी असेल तर काय? मिशिगनमधलं फ्लिंट हे या पदावर येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने तारखांसकट पाठ करावं असं प्रकरण आहे. शहराचा कारभार तेव्हा राज्याने नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाकडे होता. २५ एप्रिल २०१४ ला शहराने डेट्रॉइटचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. नळ गंजू नयेत म्हणून जी रासायनिक प्रक्रिया करायची, ती केलीच नाही. जुन्या नळांमधलं शिसं पाण्यात उतरू लागलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने यंत्रांचे भाग गंजतात म्हणून आपल्या इंजिन कारखान्यात ते पाणी वापरणं थांबवलं. त्याच महिन्यात गव्हर्नर रिक स्नायडर यांच्या कार्यालयातल्या कायदा सल्लागारांनी डेट्रॉइटच्या पाण्याकडे परत जावं असं ईमेलने सुचवलं, आणि त्यातली एक ईमेल चीफ ऑफ स्टाफ डेनिस मचमोर यांनाही होती. व्यवस्थापकाचं उत्तर आलं की ते फार महाग पडेल. विषय तिथेच राहिला.

जुलै २०१५ मध्ये मचमोर यांनीच आरोग्य खात्याला लिहिलं की लोक घाबरले आहेत आणि आपण त्यांना उडवून लावतो आहोत. म्हणजे चीफला वास आला होता, त्याने विचारलंही होतं. खात्यांनी पुन्हा सांगितलं की काळजीचं कारण नाही, रक्तातल्या शिशाचे आकडे उन्हाळ्यात वाढतातच. चित्र पालटलं ते सप्टेंबरमध्ये. बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे जाहीर केले, आणि १६ ऑक्टोबर २०१५ ला शहर परत डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं. तोवर जवळजवळ अठरा महिने गेले होते. स्नायडर यांनीच नेमलेल्या चौकशी गटाने मार्च २०१६ मध्ये इतर दोषांबरोबर हाही दोष दाखवला, की गव्हर्नरचं कार्यालय उलटी चिन्हं समोर असताना खात्यांच्या ग्वाहीवर विसंबून राहिलं.

यातून कामाची पद्धत काय निघते? ज्या खात्यावर आरोप आहे त्याच खात्याला "हे खरं आहे का?" असं विचारलं, तर एकच उत्तर येतं. म्हणून दुसरा स्रोत लागतो: विद्यापीठातला तज्ज्ञ, दुसऱ्या राज्याचं तेच खातं, केंद्राचा प्रादेशिक अधिकारी. उत्तर नको, आकडे मागायचे, तेही कच्चे आणि तारखांसह. आणि तिसरं, नागरिकांच्या तक्रारींचा कप्पा. बहुतेक कार्यालयांत तिथे सगळ्यात तरुण, सगळ्यात कमी पगाराची माणसं बसतात आणि त्यांचा अहवाल कुणी वाचत नाही. आठवड्यातून एकदा त्या कप्प्याच्या प्रमुखाने चीफच्या समोर बसून एकाच गावातून, एकाच विषयावर किती फोन आले हे सांगितलं पाहिजे. एका शहरातून पाण्याच्या बाटल्या हातात धरून माणसं येत असतील तर ती माहितीच आहे, तिला 'प्रसिद्धीची अडचण' म्हणू नये.

विधेयकांच्या मोसमात चीफचा शत्रू घड्याळ असतं. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, १४० दिवस भरतं. शेवटच्या दिवसांत विधेयकांचा लोंढा येतो आणि अधिवेशन संपल्यापासून २० दिवसांत गव्हर्नरने सही किंवा नकार द्यायचा. काहीच केलं नाही तर विधेयक सहीविना कायदा होतं. २००१ साली तिथले गव्हर्नर रिक पेरी यांनी ८२ विधेयकं नाकारली, त्यातली बहुसंख्य अगदी अखेरच्या दिवशी. कॅलिफोर्नियात अधिवेशन चालू असताना १२ दिवस आणि शेवटच्या लोंढ्यासाठी ३० दिवस मिळतात. काही राज्यांत सही न केल्यास विधेयक उलट मरतं. म्हणून पहिलं काम, आपल्या राज्यघटनेतला मोजणीचा नियम कायदा सल्लागाराकडून लेखी घेणं: रविवार धरायचा की नाही, दिवस विधेयक पोचल्यापासून की मंजूर झाल्यापासून.

प्रत्येक विधेयकाची एक फाइल असावी, वर ठळक अंतिम तारीख. आत संबंधित खात्याचं मत, खर्चाचं टिपण, कायदा सल्लागाराचं मत, विधिमंडळात मतं कशी पडली त्याची नोंद (नकार दिला तर तो उलटवण्याइतकी मतं आहेत का?) आणि धोरण सल्लागाराची एका परिच्छेदात शिफारस. जी शंभर विधेयकं निर्विवाद आहेत ती एका यादीत एकदम. गव्हर्नरचा वेळ वादाच्या पंचवीसांवर जावा. नकार देणार असाल तर विधेयक मांडणाऱ्या सदस्याला आधी फोन, निवेदन नंतर. तो फोन विसरला गेला की पुढचं वर्षभर त्याची किंमत मोजावी लागते, कारण तोच सदस्य पुढच्या वर्षी अर्थसंकल्पाच्या समितीवर बसलेला असतो.

नकाराची हत्यारंही सारखी नसतात. ४४ राज्यांत गव्हर्नरला खर्चाच्या विधेयकातली एखादी बाब तेवढी खोडता येते. इंडियाना, नेव्हाडा, न्यू हॅम्पशायर, नॉर्थ कॅरोलायना, ऱ्होड आयलंड आणि व्हर्माँटमध्ये हा अधिकार नाही. विस्कॉन्सिनचा अधिकार याहून विलक्षण. २०२३ मध्ये तिथले गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी अर्थसंकल्पातल्या '२०२४-२५' या आकड्यातला '२०' आणि मधली आडवी रेघ खोडली, उरलं २४२५. शाळांना दरसाल विद्यार्थ्यामागे ३२५ डॉलर जास्त महसूल उभा करण्याची दोन वर्षांची मुभा एका फटक्यात चारशे वर्षांची झाली. २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नकार वैध ठरवला. अशी खोड एका रात्रीत सुचत नाही. त्यामागे विधेयकाचा प्रत्येक शब्द आणि प्रत्येक विरामचिन्ह वाचणारा कायदा कक्ष लागतो, आणि तो कक्ष भक्कम ठेवणं ही चीफची जबाबदारी.

अर्थसंकल्पाबद्दल थोडक्यात. ४६ राज्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. न्यू यॉर्कचं १ एप्रिलला, टेक्सासचं १ सप्टेंबरला, अलाबामा आणि मिशिगनचं १ ऑक्टोबरला. जवळजवळ सगळ्या राज्यांना तूट दाखवायची मुभा नाही, त्यामुळे महसूल घटला की चालू वर्षातच कात्री लावावी लागते. व्हर्जिनियात तर मावळता गव्हर्नर डिसेंबरात दोन वर्षांचा अर्थसंकल्प मांडून जातो आणि जानेवारीत आलेल्या नव्या गव्हर्नरला त्यावर दुरुस्त्या पाठवाव्या लागतात. तिथल्या नव्या चीफची पहिली लढाई दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर होते.

नेमणुकांना नवखे लोक कमी लेखतात. टेक्सासचा गव्हर्नर चार वर्षांच्या मुदतीत सुमारे १,५०० नेमणुका करतो: विद्यापीठांची नियामक मंडळं, परवाने देणारी मंडळं, आयोग. प्रत्येक नावाची कर भरल्याची, खटल्यांची, हितसंबंधांची तपासणी हवी. न्यू जर्सीत तर उमेदवाराच्या जिल्ह्यातल्या सिनेटरने मान हलवली नाही तर नाव पुढेच सरकत नाही, आणि हा नियम कुठे लिहिलेला नाही. नोकरभरतीत मात्र वेगळी रेघ आहे. इलिनॉयच्या गव्हर्नरने १९८० मध्ये भरती गोठवली आणि अपवादासाठी स्वतःच्या कार्यालयाची परवानगी सक्तीची केली. त्या परवानगीत पक्षनिष्ठा बघितली जाते, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९० मध्ये रूटान खटल्यात न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने ठरवलं, की धोरण न ठरवणाऱ्या साध्या पदांवरची भरती, बढती, बदली पक्ष बघून करणं घटनाबाह्य आहे. कोणती पदं राजकीय आणि कोणती नाहीत याची यादी कायदा सल्लागाराकडून पहिल्या महिन्यात करून घ्यावी आणि उरलेल्या भरतीपासून कार्यालयाला लांब ठेवावं.

वादळ, पूर, वणवा आला की बाकी सगळं थांबतं. १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यानुसार राष्ट्रपतींनी मोठी आपत्ती जाहीर करण्यासाठी गव्हर्नरची लेखी विनंती लागते. त्याआधी राज्याने स्वतःची आपत्कालीन योजना अमलात आणलेली असावी लागते. विनंती घटनेपासून ३० दिवसांत केंद्रीय आपत्ती संस्थेच्या प्रादेशिक कार्यालयामार्फत जाते. मुदतवाढ हवी तर तीही त्याच ३० दिवसांच्या आत, कारणासह मागावी लागते. मंजुरी मिळाली तर सार्वजनिक मालमत्तेच्या ग्राह्य खर्चात केंद्राचा वाटा किमान ७५ टक्के. इथे घोळ होतो तो पंचनाम्यात. लहान गावांकडे नुकसान मोजायला माणसंच नसतात, आकडा कमी जातो आणि विनंती फेटाळली जाते. म्हणून तिसऱ्याच दिवशी राज्याचे अभियंते त्या गावांत गेले पाहिजेत. शेजारच्या राज्यांकडून माणसं आणि यंत्रं घेण्याचा करारही आहे, १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मान्यता दिलेला, पण त्याखाली मदत मागायची तर आधी आपल्या गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केलेली हवी. त्या जाहीरनाम्याचा मसुदा फक्त तारीख आणि जिल्हे भरायचे, इतका तयार ठेवतात. नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव लष्करी दल, बोलवायचं तर पगार राज्याचा की केंद्राचा आणि हुकूम कुणाचा, हे आदेश निघण्यापूर्वी ठरवावं; नंतर ठरवायला गेलं की बिल राज्याच्या अंगावर येतं.

गव्हर्नर कुठे आहे, हा प्रश्न साधा वाटतो. काही राज्यांत गव्हर्नर हद्दीबाहेर गेला की अधिकार आपोआप लेफ्टनंट गव्हर्नरकडे जातात. आयडाहोत मे २०२१ मध्ये गव्हर्नर ब्रॅड लिटल टेनेसीला गेले, तेवढ्यात लेफ्टनंट गव्हर्नर जॅनिस मॅकगीचिन यांनी मास्कसक्तीवर बंदी घालणारा आदेश काढला. लिटल यांनी परत येऊन तो रद्द केला. दोघं एकाच पक्षाचे होते, हे लक्षात घ्या. म्हणून राज्याबाहेरचा प्रत्येक दौरा आधी कायदा सल्लागाराच्या नजरेखालून जातो. साउथ कॅरोलायनात जून २००९ मध्ये गव्हर्नर मार्क सॅनफर्ड काही दिवस कुणालाच सापडेनात. कार्यालयाने ते ॲपलेशियन ट्रेलवर गिर्यारोहणाला गेल्याचं सांगितलं, प्रत्यक्षात ते अर्जेंटिनात होते. प्रसिद्धी अधिकाऱ्याने स्वतः खात्री न केलेलं एकही वाक्य बाहेर जाऊ नये, आणि खात्री होत नसेल तर "आत्ता सांगू शकत नाही" एवढंच म्हणावं, ही शिस्त चीफने लावायची असते.

आता जिथे माणसं तुरुंगाच्या दारापर्यंत जातात तो भाग. न्यू जर्सीत १३ ऑगस्ट २०१३ ला डेप्युटी चीफ ऑफ स्टाफ ब्रिजेट केली यांनी खासगी ईमेलवरून फोर्ट लीमध्ये वाहतुकीचा खोळंबा करण्याची वेळ आली आहे, अशा अर्थाची एक ओळ पाठवली. ९ ते १३ सप्टेंबर जॉर्ज वॉशिंग्टन पुलाकडे जाणाऱ्या मार्गिका बंद राहिल्या आणि ते गाव तुंबलं. केली यांच्यावर खटला होऊन शिक्षा झाली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण म्हणून कृत्य चांगलं ठरवलं नाही. सत्तेचा गैरवापर झाला, मात्र तो मालमत्तेसाठी नसल्याने केंद्राच्या फसवणुकीच्या कायद्यात बसत नाही, एवढंच म्हटलं. न्यू यॉर्कमध्ये गव्हर्नरचे वरिष्ठ सहायक जोसेफ पर्कोको २०१४ मध्ये पद सोडून प्रचार सांभाळायला गेले आणि नंतर परत आले. मधल्या महिन्यांत घेतलेल्या पैशांवरून खटला झाला. खटल्यात ज्युरीला दिलेल्या सूचना फारच मोघम होत्या म्हणून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मुद्द्यावरची शिक्षा रद्द केली. दोन्ही ठिकाणी कायदेशीर निकाल आरोपींच्या बाजूने लागला, तरी मधली कित्येक वर्षं, नोकरी आणि नाव परत मिळालं नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा. प्रचाराचा फोन वेगळा, सरकारी वेगळा, आणि प्रचाराचं बोलणं सरकारी इमारतीबाहेर. सरकारी कामाचा एक शब्दही खासगी ईमेलवर किंवा आपोआप पुसल्या जाणाऱ्या संदेशांच्या ॲपवर नाही. कुणी पाठवलाच तर तो सरकारी खात्यावर पुढे पाठवून तिथूनच उत्तर द्यायचं. लिहिताना धरून चालायचं की दोन वर्षांनी हे वर्तमानपत्रात छापून येणार आहे. आणि कनिष्ठांच्या विनोदाला हसून सोडू नये. "त्या महापौराला धडा शिकवू या" असं कुणी म्हणालं आणि चीफ गप्प राहिला, तर खालची माणसं त्याला मंजुरी समजतात.

आता वाट कशी काढायची. या पदाला परीक्षा नाही आणि ठरावीक पदवी नाही. माणसं मुख्यत्वे चार दारांनी येतात: प्रचार, विधिमंडळातली नोकरी, कायदा सल्लागाराचं पद आणि अर्थसंकल्प. जो ऑलबॉ यांनी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचा १९९४ चा प्रचार चालवला, मग ते टेक्सासात चीफ झाले आणि पुढे केंद्रीय आपत्ती संस्थेचे संचालक. ग्रे डेव्हिस १९७५ ते १९८१ कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांचे चीफ होते. १९९८ मध्ये स्वतः कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. एड मीस रोनाल्ड रेगन गव्हर्नर असताना त्यांच्याबरोबर कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, होते, पुढे देशाचे ॲटर्नी जनरल झाले. आणि सुझन केनेडी यांचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. त्या डेमोक्रॅट, डेव्हिस यांच्या कार्यालयात काम केलेल्या. २००५ च्या विशेष निवडणुकीत अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी मतदारांसमोर ठेवलेले चारही प्रस्ताव पडले, तेव्हा त्या रिपब्लिकन गव्हर्नरने त्यांनाच चीफ म्हणून आणलं, कारण समोरच्या बाकावरची माणसं त्यांना ठाऊक होती. प्रचारातून आलेल्या चीफला निवडणूक जिंकायची भाषा येते, विधिमंडळात बसून १२ मतं जमवायची येत नाही. तो दोष बहुतेक पहिल्याच अधिवेशनात उघडा पडतो, आणि पुष्कळ गव्हर्नर दुसऱ्या वर्षाच्या आसपास चीफ बदलतात.

तुमच्यासारख्या विद्यार्थ्याने राज्याची राजधानी धरावी, वॉशिंग्टन नव्हे. सॅक्रामेंटो, स्प्रिंगफील्ड, रिचमंड, इंडियानापोलिस इथे कॅलिफोर्नियाची एक्झिक्युटिव्ह फेलोशिप, इलिनॉयची डन फेलोशिप, व्हर्जिनिया आणि इंडियानाच्या गव्हर्नर फेलोशिप असे रीतसर मार्ग आहेत. अर्ज करण्यापूर्वी नागरिकत्वाची आणि कामाच्या परवान्याची अट नीट वाचा. विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीला अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीत, अगदी स्थानिकसुद्धा, देणगी देता येत नाही आणि प्रचाराचा पैसा कुठे खर्च करायचा या निर्णयात भाग घेता येत नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून दारोदार फिरता येतं. ही रेघ उत्साहात ओलांडली तर व्हिसा आणि पुढची सगळी वाट दोन्ही जातात. हे राजकारण परक्यांना बंद आहे असं नव्हे: बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) तिसरे आले, पुढे राज्याच्या सभागृहात आणि मग काँग्रेसमध्ये गेले.

पहिली नोकरी निवडायची वेळ आली तर अर्थसंकल्प कार्यालयातली निवडा, ती कितीही रुक्ष वाटो. दोन अर्थसंकल्प हाताखालून गेले की प्रत्येक खात्यात पैसा कुठून येतो, कुठे अडतो आणि कोण खोटं बोलतं हे कळतं. त्यानंतर विधिमंडळाच्या एखाद्या समितीवर दोन अधिवेशनं. मग गव्हर्नरच्या कार्यालयात धोरण सल्लागार, उपचीफ. पगाराची फार आशा धरू नका. गव्हर्नरचा पगार कायद्याने बांधलेला असतो (मेनमध्ये तो कितीतरी वर्षं ७०,००० डॉलरवर अडकला होता) आणि त्याची सावली खालच्यांवर पडते, जरी काही ठिकाणी चीफला गव्हर्नरपेक्षा जास्त मिळतं.

कधी पद मिळालंच तर नोव्हेंबरची निवडणूक आणि शपथविधी यांच्यामध्ये साधारण आठ ते दहा आठवडे हातात असतात, अलास्का आणि हवाईत तर महिनाभरच. नॅशनल गव्हर्नर्स असोसिएशन, म्हणजे १९०८ पासून चालत आलेली गव्हर्नरांची संघटना, याच काळात नव्या गव्हर्नरांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी शिबिर घेते. तिथे दुसऱ्या पक्षाच्या एखाद्या जुन्या चीफचा फोन नंबर घेऊन ठेवा, तो पुढे फार उपयोगी पडतो. या आठवड्यांत नेमायचा क्रम असा: आधी कायदा सल्लागार, मग अर्थसंकल्प संचालक, मग वेळापत्रक सांभाळणारी व्यक्ती, आणि खातेप्रमुख त्यानंतर. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं, कारण खातेप्रमुखांची नावं वर्तमानपत्रात येतात. मावळत्या चीफला भेटून तीन गोष्टी लेखी मागा: पुढच्या ९० दिवसांत संपणाऱ्या मुदती, न्यायालयात चालू असलेले खटले, आणि तोंडी दिलेली वचनं. तिसरी यादी तो सहसा देत नाही. ती त्याच्या सचिवाकडे असते.

सोडताना काय करता येणार नाही हे स्वीकारतानाच वाचा. न्यू यॉर्कमध्ये गव्हर्नरच्या कार्यालयातून बाहेर पडलेल्याला दोन वर्षं राज्याच्या कुठल्याच खात्यासमोर कुणाची वकिली करता येत नाही, आणि ज्या प्रकरणात त्याने स्वतः काम केलं त्यात कधीच नाही. इतर राज्यांत हा काळ कमी-जास्त असतो. घरचा हप्ता आणि मुलांची फी याच हिशोबाने ठरवा, कारण गव्हर्नर हरला तर तुमची नोकरी नव्या गव्हर्नरच्या शपथविधीच्या दिवशीच संपते.